पेठच्या वसतिगृहातली चार माणसे

नाशिककराला पेठ म्हटले की आधी पेठ नाका आठवतो, मग पेठ रोड, आणि त्यानंतर सवड असली तर पेठ. पंचवटीतून निघणारा हा रस्ता जातो कोठे, असे आमच्या आळीत विचारून पाहा. दहातले सात जण "गुजरातेत" म्हणून सांगतील. त्यांचे अगदीच चूक नाही. रस्ता पुढे कपराड्यावरून वापीकडे उतरतो खरा. पण मध्ये, नाशिकपासून पंचावन्न-एक किलोमीटरांवर, पेठ नावाचे तालुक्याचे गाव लागते, आणि तिथे उतरण्याचे कारण बहुतेकांना कधी पडतच नाही.

मला ते कारण गेल्या श्रावणात मिळाले. पेठेतल्या मुलींच्या एका वसतिगृहावर माझी एक जुनी विद्यार्थिनी गृहपाल म्हणून आहे. "मॅडम, एकदा या आणि आमच्या मुलींशी बोला. पुस्तकावर बोलणारी माणसे त्यांनी व्यासपीठावर पाहिली आहेत, पंगतीला पाहिलेली नाहीत," असा तिचा निरोप तीनदा आला. तिसऱ्या निरोपाला नाही म्हणणे जड जाते. दोन दिवसांची रजा टाकली, पिशवीत चार पुस्तके आणि चिवड्याचा डबा घातला, आणि एसटीत खिडकीची जागा धरली. ते वसतिगृह कोणत्या खात्याचे, कोणत्या संस्थेचे हे मुद्दामच सांगत नाही. पेठसारख्या गावात तेवढ्यावरून माणसे ओळखू येतात, आणि छापून येण्याची त्यांना हौस नाही.

शहर मागे पडते न पडते तोच रामशेजचा किल्ला दिसू लागतो. दिसायला बुटकाच, पण औरंगजेबाच्या फौजांना त्याने १६८२ पासून पाच-सहा वर्षे दमवले होते. त्याच्या आसपास द्राक्षबागा आहेत, त्यांच्या तारा आहेत, शेततळी आहेत. त्या बागा हळूहळू विरळ होत जातात आणि करंजाळी, सावळघाट, कोटंबीचा घाट अशी नावे कंडक्टरच्या तोंडून ऐकू येऊ लागली की देश संपला असे समजावे. पुढे सगळा हिरवा रंग. उतारावर नागली, खाचरांत भात, मधूनमधून वरई, आणि ह्या सगळ्यावर धुक्याचे एक ओले पांघरूण. दमणगंगा ह्याच मुलखातून पश्चिमेकडे धावते. पाऊस इथे दोन हजार मिलिमीटरांच्या पुढे पडतो. तरीही चैत्र-वैशाखात पाड्यापाड्यांवरच्या बायका हंडा घेऊन झरा गाठतात. पाणी उतारावर थांबत नाही, आणि थांबवायची सोय अजून पुरी झालेली नाही.

पेठ हे एके काळी एक लहानसे संस्थान होते. १८५७ च्या डिसेंबरात पेठ-हरसूलच्या बाजूला कोळ्यांनी उठाव केला, आणि तो मोडल्यावर इंग्रजांनी भगवंतराव आणि त्यांच्या साथीदारांना फाशी दिले. पेठच्या शेवटच्या बेगम १८७८ साली वारल्या आणि संस्थान इंग्रजी मुलखात गेले. आज गावात त्या इतिहासाची खूण शोधावी लागते. दिसते ती कचेरी, दवाखाना, एसटीचा स्टँड, कापडाची आणि खतांची दुकाने. आणि सकाळी साडेदहाच्या सुमाराला दप्तरे घेऊन रस्त्याने निघालेली मुलेच मुले. गावाच्या मानाने मुले फार दिसतात. ह्यातली पुष्कळशी गावातली नव्हेत. ती वसतिगृहांतली.

तसे का, ते इथला नकाशा पाहिला म्हणजे कळते. २०११ च्या जनगणनेत ह्या तालुक्याची वस्ती एक लाख वीस हजारांच्या आसपास होती, आणि त्यांत शंभरातले नव्वदांहून अधिक लोक आदिवासी. कोकणा, महादेव कोळी, वारली. ही वस्ती डोंगरांच्या सोंडांवर पाड्यापाड्यांनी विखुरलेली आहे. पाड्यावर चौथीपर्यंत शाळा असते. पुढचे शिकायचे तर घर सोडावे लागते. पावसाळ्यात ओढे रस्ता अडवतात. आणि पावसाळा संपला की घरच घर राहत नाही. भात-नागली निघाली की कर्ती माणसे मजुरीला निघतात. नाशिक, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत, नाहीतर गुजरातच्या बाजूला. आपल्या डायनिंग टेबलावर माघ-फाल्गुनात येणारा द्राक्षाचा घड ज्या हातांनी उतरवला, त्या हातांच्या घराला तेव्हा पेठेत कुलूप असते. अशा घरातल्या मुलाने शिकायचे तर त्याला दुसरे घर हवे.

हे दुसरे घर उभारण्याची खटपट जुनी आहे. दादासाहेब बिडकरांनी १९३७ साली डांग सेवा मंडळ काढले आणि ह्या डोंगराळ पट्ट्यात शाळा व वसतिगृहे नेली. पेठचे महाविद्यालय आज त्यांचेच नाव लावते. पुढे १९७२-७३ पासून शासनाने आश्रमशाळांची योजना हाती घेतली. १९८३ साली आदिवासी विकास हा स्वतंत्र विभाग झाला आणि त्याचे आयुक्तालय नाशिकला आले. आज राज्यात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या घरात आहेत, अनुदानित साडेपाचशेच्या आसपास, आणि वसतिगृहे आणखी पाचशेच्या घरात. आश्रमशाळेत शिकणे आणि राहणे एकाच आवारात. वसतिगृहात मात्र फक्त राहायचे. शिकायला गावातल्या शाळेत, कॉलेजात जायचे.

शिकवतात त्यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि मी स्वतः त्याच धंद्यातली असल्याने त्यात भर घालण्याची मला घाई नाही. मला लिहायचे आहे ते शाळा सुटल्यावर सुरू होणाऱ्या कामाविषयी आणि ते करणाऱ्या चार माणसांविषयी. सरकारी कागदावर त्यांची पदनामे अशी : गृहपाल, स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार. आश्रमशाळेत गृहपालाच्या जागी अधीक्षक असतो.

मराठी शिकवणाऱ्या बाईला शब्द दिसला की तो उलटून पाहिल्याशिवाय राहवत नाही. अधीक्षक म्हणजे वरून पाहणारा. चौकीदार म्हणजे चौकीवर बसणारा. कामाठी हा शब्द तेलंगणाकडून आलेल्या कष्टकऱ्यांचा. मुंबईच्या कामाठीपुऱ्याला त्यांच्यावरूनच नाव पडले, आणि आता तो झाडणे, पाणी भरणे, उचलणे-ठेवणे करणाराचे पदनाम होऊन बसला आहे. गृहपाल हा त्यातल्या त्यात बरा शब्द. पण तोही घर सांभाळणारा असेच सांगतो. घरातल्या माणसांचे काय, ते सांगत नाही. ह्या चार शब्दांतल्या एकातही मूल नाही. आणि दोन दिवस मी पाहिले ते असे की ह्या चौघांचे निम्मे काम कागदावर नसलेल्या त्या मुलाविषयीचेच असते.

दिवस सुरू होतो तो पहाटे साडेचारला. कामाठी बाई उठून पाण्याची मोटार सुरू करतात. वीज असली तर. नसली तर टाकीत किती पाणी आहे ते काठीने मोजून, कोणत्या मजल्याला किती बादल्या ते मनात ठरवून टाकतात. शंभराच्या आतबाहेर मुली, आणि आठ वाजेपर्यंत सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या. "परीक्षेवाल्या आधी, मग बाकीच्या," हा त्यांचा नियम. तो कोणी लिहून दिलेला नाही. कोणाची परीक्षा कधी आहे हे मात्र त्यांना पाठ असते. त्या स्वतः चौथीच्या पुढे गेलेल्या नाहीत. पण विद्यापीठाचे वेळापत्रक बदलले तर ते वसतिगृहात पहिल्यांदा त्यांना कळते, कारण बादल्यांचा हिशेब बदलतो.

त्याच वेळी मुदपाकखान्यात दिवा लागतो. तिथे दोघी स्वयंपाकिणी. त्यातल्या मोठीला सगळ्या मावशी म्हणतात. मीही तेच म्हटले. त्या मला "बाई" म्हणाल्या आणि पाट दिला. पन्नाशीच्या आसपासचे वय, हातावर गोंदण, बोलणे कमी. परातीत कणकेचा डोंगर, शेगडीवर हंड्याएवढे पातेले, हातात ओगराळे. भात, वरण, भाजी, पोळी हा ठरलेला बेत. आठवड्याच्या तक्त्यात अंडी, केळी, उसळ येते ती वेगळी. तक्ता भिंतीवर आहे. तक्त्याबाहेरचे एकच मी पाहिले : कोपऱ्यात एका लहान तव्यावर नागलीच्या दोन भाकऱ्या. "अकरावीला नवीन आलेली पोशी आहे एक. पोळी उतरत नाही तिला अजून. पंधरा दिवस देते, मग सवय होते," मावशी म्हणाल्या. पीठ त्यांच्या घरचे.

'पोशी' म्हणजे मुलगी; मुलगा तो 'पोसा'. ही कोकणा बोली. मावशी तीच बोलतात, आणि ह्याचे महत्त्व मला त्या दिवशी संध्याकाळी कळले. पाड्यावरून नवी आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात कोणाशी बोलत नाही. वर्गात तर नाहीच. आमची प्रमाण मराठी तिला पुस्तकात कळते, तोंडाने बोलताना भीती वाटते. कोणी हसेल म्हणून. वसतिगृहातला पहिला शब्द ती बोलते तो जेवण वाढून घेताना, मावशींशी, आपल्या बोलीत. "पुरे" म्हणते, नाहीतर "आणखी" म्हणते. माझ्या विद्यार्थिनीने, म्हणजे गृहपाल मॅडमनी, मला सांगितले, "आम्ही अर्ज भरून घेतो, त्यात आवडीनिवडीचाही रकाना आहे. पण कोणती मुलगी खरोखर रुळली हे मी मावशींना विचारते. मुलगी दुसऱ्यांदा वाढून मागायला लागली की मावशी मला येऊन सांगतात. मग मी त्या नावापुढची काळजी सोडते."

आणि मुलगी मागायची थांबली तर? त्याचीही गोष्ट मला त्याच रात्री, पाऊस कौलांवर वाजत असताना, ऐकायला मिळाली. दोन वर्षांपूर्वीची. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, अभ्यासात बरी, स्वभावाने हसरी. पौषात एकदा सलग तीन दिवस तिने एकदाच वाढून घेतले. ताप नाही, भांडण नाही. मावशींनी तिला काही विचारले नाही. भांडी घासून झाल्यावर मॅडमच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि "ती पोशी जेवत नाही" एवढेच म्हणाल्या. मॅडमनी मुलीला बोलावले. तास-दीड तास ती गप्प. मग कळले की वडिलांचा निरोप आला आहे : बागेचा मुकादम जोडी मागतो, आईचा हात दुखावला आहे, तिच्या जागी तू ये. परीक्षा मार्चात. बाग फाल्गुनापर्यंत.

पुढचे काम चौकीदार मामांचे. फाटकाशी त्यांची खुर्ची, शेजारी जाण्यायेण्याची वही. त्या वहीत मुलीला न्यायला येणाराचे नाव, नाते, सही किंवा अंगठा घेतात. पण वहीच्या पलीकडे मामांना निम्म्या बापांचे पाडे ठाऊक आहेत, कोणाच्या घरी बैल विकला तेही ठाऊक. आठवडे बाजाराच्या दिवशी वडील मुलीला न्यायला आले तेव्हा मामांनी त्यांना फाटकात उभे ठेवले नाही. आपल्या खुर्चीवर बसवले, चहा मागवला, आणि बोलत बसले. पावसापासून सुरू झालेली गोष्ट उचलीच्या रकमेपर्यंत यायला दुपार झाली. सगळी रक्कम फेडणे कोणाच्याच हातात नव्हते. मॅडमनी शिष्यवृत्तीचा अडकलेला हप्ता कोठे अडला आहे ते फोन करकरून शोधले. मामांनी बाजारात आलेल्या मुलीच्या चुलत्याला गाठले आणि तीन आठवडे त्याच्या मुलाला बागेवर पाठवायचे कबूल करून घेतले. वडील मुलीला न भेटताच परत गेले. आईच्या हाताला लावायला कामाठी बाईंनी तेलाची एक बाटली दिली, तेवढी घेऊन. मुलीने त्या वर्षी परीक्षा दिली. आज ती तिसरे वर्ष संपवून शिक्षणशास्त्राच्या प्रवेशाची वाट पाहते आहे.

ह्या गोष्टीत कोणीही काही मोठे केले नाही. एकीने ताट पाहिले, एकीने तास-दीड तास वाट पाहिली, एकाने चहा पाजला, एकीने तेल दिले. ह्यातले एकही काम नेमणुकीच्या पत्रात नाही. पण ह्या चौघांपैकी एक जरी त्या मुलीला न ओळखणारे असते, तर माझ्यासारखीच्या हजेरीपटावर एका नावापुढे मार्चात गैरहजर असे लागले असते आणि आम्ही म्हटले असते, "ही मुले टिकत नाहीत."

रात्र हा ह्या कामाचा खरा भाग. शिक्षक साडेपाचला घरी जातो, साहेब सहाला. मुले मात्र रात्रीही असतात. मी होते त्या दुसऱ्याच रात्री दोनच्या सुमाराला दार वाजले. एका मुलीला थंडी वाजून ताप भरला होता. मॅडम विजेरी घेऊन उठल्या, कपाळावर हात ठेवला, तिच्या नावाचा कागद काढून आधी एकच गोष्ट पाहिली : तिला सिकलसेलचा आजार आहे का. ह्या पट्ट्यात तो पाहावाच लागतो. तो असला तर साधा तापही अंगावर काढून चालत नाही. मामांनी गाडीवाल्याला उठवले आणि तिघी ग्रामीण रुग्णालयात गेल्या. पहाटे परतल्या तेव्हा मावशींनी पेज करून ठेवली होती. ती कोणी सांगितली होती, असे मी विचारले तर त्यांना प्रश्नच कळला नाही.

अशी सगळी रात्र नेहमीच नीट पार पडते असे नाही. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंनी मागे राज्य हादरले होते, आणि २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्यांची कारणे शोधली. ताप, सर्पदंश, वेळेवर न मिळालेला उपचार. त्या शब्दांमागे बहुधा एकच प्रश्न असतो : रात्री दोन वाजता दार वाजले तेव्हा उघडायला कोण होते, आणि त्याला ते मूल ठाऊक होते का?

गृहपाल मॅडमचा स्वतःचा मुलगा सहा वर्षांचा आहे. तो नाशिकला आजीजवळ असतो, कारण वसतिगृहाच्या खोलीत त्याला ठेवणे परवडत नाही आणि शाळा तिकडे चांगली. शंभर मुलींना रात्री "झोपा आता" म्हणून सांगून झाले की त्या खिडकीशी फोन घेऊन उभ्या राहतात. तिथेच तेवढी रेंज येते. तो बहुधा झोपलेला असतो. हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितले नाही. मी पाहिले म्हणून लिहिते आहे.

आपल्याकडच्या वसतिगृहांच्या इतिहासात ह्या कामाचे सर्वांत मोठे नाव कोणते, असे मला कोणी विचारले तर मी लक्ष्मीबाई पाटलांचे सांगेन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. भाऊराव गावोगाव हिंडत आणि घरी पोरांची भूक सांभाळत त्या लक्ष्मीबाई. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, आणि शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांची नावे आज सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या डोलाऱ्याखाली एक चूल होती आणि चुलीशी एक बाई होती, हे आपण वर्षातून एकदा, पुण्यतिथीला आठवतो.

दूर विलायतेतही पाहा. ऑक्सफर्डच्या कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या खोल्या आवरणाऱ्याला स्काउट म्हणतात, केंब्रिजमध्ये बेडर. फाटकावरच्या खोलीत पोर्टर बसतो, आणि कोणता विद्यार्थी काल रात्री परतला नाही हे त्याला मास्तरांच्या आधी ठाऊक असते. खोली आवरणारी बाई कोपऱ्यातला न उचललेला कपड्यांचा ढीग पाहून ओळखते की ह्या पोराचे काही बिनसले आहे. शेकडो वर्षांच्या श्रीमंत विद्यापीठांनाही हे काम यंत्रावर सोपवता आलेले नाही.

आपण मात्र ते सोपवायला निघालो आहोत, आणि ह्याची काळजी घेऊन मी पेठहून परतले. २०१८ साली शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांत जेवणाऐवजी पैसे मुलांच्या खात्यात टाकण्याचे ठरले. खानावळीचा ठेका नको, त्यातला घोळ नको, हा हेतू वाईट नव्हता. ठेक्याच्या जेवणाच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण मुलांनाच ते पटले नाही. त्या वर्षीच्या जुलैत ती पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. पैसे उशिरा आले तर उपाशी राहावे लागते, असे ती म्हणत होती. मला त्यात आणखी एक दिसते : खात्यात आलेले पैसे कोण जेवले नाही हे पाहत नाहीत. मुदपाकखाना बंद झाला की ताट पाहणारे डोळेही जातात.

दुसरी गोष्ट माणसांची. आश्रमशाळांत वर्षानुवर्षे कितीतरी माणसे रोजंदारीवर राबत आली आहेत. २०२५ साली ती पदे बाहेरच्या संस्थेमार्फत भरण्याचे ठरले, तेव्हा ह्या रोजंदारीवाल्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनापुढे भर पावसाळ्यात बिऱ्हाड मांडले. त्या रस्त्याने आपल्यापैकी पुष्कळ जण रोज जातात. चुली, ताडपत्र्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे त्यांनी पाहिले असतील आणि वाहतूक अडते म्हणून चिडलेही असतील. कारभाराच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. भरती नियमाने व्हावी, पात्रता पाहावी, पैशाचा हिशेब लागावा, हे सगळे बरोबर. माझे म्हणणे इतकेच, की ठेकेदार स्वयंपाक करणारी बाई देऊ शकतो, आणि ती चांगलीही असेल. पण तीन दिवस न जेवलेली पोशी तिच्या नजरेला येण्यासाठी तिला तिथे दोन-तीन वर्षे काढावी लागतील. अकरा महिन्यांनी माणूस बदलायचे म्हटले की ही ओळख दर वेळी पहिल्यापासून सुरू करावी लागते. तिला हिशेबाच्या वहीत रकाना नाही, म्हणून ती फुकट मिळते असे वाटते; आणि गेली म्हणजे काय गेले हेही वहीत दिसत नाही.

मावशीही रोजंदारीवरच. किती वर्षे झाली, असे विचारल्यावर त्यांनी बोटांवर मुलींच्या तुकड्या मोजल्या, वर्षे नाही. "पुढल्या जूनला मी असेन का, सांगता येत नाही," म्हणाल्या, आणि लगेच, "पण नवीन बाई आली तर तिला दाखवून देईन. कोणाला दूध चालत नाही, कोणाला उपास असतो, ते." आपल्या जागी येणाऱ्या बाईला हाताखाली घेऊन शिकवायची तयारी त्यांनी आधीच केली होती. दुसऱ्या कोणी ती केलेली मला दिसली नाही.

निघायच्या दिवशी मुलींनी मला विचारले, "मॅडम, दिवाळीत तुमच्याकडे काय करतात?" मी फराळाची यादी सांगितली. त्यांची दिवाळी वाघबारसेपासून सुरू होते. रानातल्या वाघदेवाला नैवेद्य दाखवायचा, गुरे सांभाळ म्हणून सांगायचे. त्या दिवसाच्या आधी वसतिगृह रिकामे होते. कामाठी बाई खोल्या धुऊन घेतात, मावशी पातेली पालथी घालून आपल्या पाड्याला जातात, मॅडम पहाटेची गाडी पकडून मुलाकडे. मामा मात्र फाटकावर असतात. रिकाम्या इमारतीलाही चौकीदार लागतो. गेल्या दिवाळीत एक मुलगी दुसऱ्याच दिवशी परत आली होती. घरी कुलूप होते; माणसे ठरल्याआधीच बागेवर गेली होती. मामांनी तिला आपल्या घरी नेली. त्यांच्या बायकोने तिला उटणे लावून न्हाऊ घातले, चार दिवस ठेवून घेतली, आणि शाळा उघडल्यावर वहीत तिची येण्याची तारीख मामांनी नियमाप्रमाणे सगळ्यांबरोबरचीच लिहिली.

वाचकांपैकी कितीतरी घरांतली मुले आज पुण्याला, मुंबईला, बंगलोरला, सातासमुद्रापलीकडे वसतिगृहांत आहेत. त्यातली काही ह्या दिवाळीत घरी येतील. काही येणार नाहीत, आणि त्यांचा फराळ कुरियरने जाईल. रोज रात्री फोनवर आपण "जेवलास का?" म्हणून विचारतो. ह्या खेपेला आणखी एक विचारून पाहावे : तुला वाढते कोण? तिचे नाव काय? पोराला नाव सांगता आले तर फराळाच्या डब्यात चार करंज्या तिच्यासाठी जादा घालाव्या. सांगता आले नाही, तर उद्या विचारून ये, असे सांगावे.